आईनंतर दादा कुठे राहणार?

कृष्णाकाठची

लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

माझा दादा ५४ वर्षांचा आहे. मिरजेत आईजवळ राहतो. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, १९९३ साली, त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं कळलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, २०१९ ला गेले. आईला ८० पूर्ण झाली. मी ठाण्यात. नवरा, सासूबाई, बारावीतली मुलगी आणि वन बीएचके.

इतक्या वर्षांत घराला एक वळण पडून गेलंय. दादा सकाळी साडेसहाला दूध आणतो. पेपर पहिल्या पानापासून निविदा सूचनांपर्यंत वाचतो. दर रविवारी बाबांच्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतो. दिवसाला एक बंडल बिड्या. झोपायच्या आधी गॅसचा रेग्युलेटर बंद आहे ना हे पाच-सहा वेळा उठून बघतो. आवाज अजून येतात, पण "ते बोलतात, मी लक्ष देत नाही" म्हणतो. गोळ्या आई देते. रात्री नऊला, त्याच्या तळहातावर ठेवून, गिळेपर्यंत समोर उभी राहून.

यंदा गणपतीत आई मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या वहिनी तिच्यासोबत दवाखान्यात राहिल्या. मला पोचायला चार दिवस लागले (का लागले ते विचारू नका, बँकेत काम करणाऱ्यांना कळेल) आणि ते चार दिवस दादा घरी एकटा. मी गेले तर ओट्यावर चुरमुऱ्यांची रिकामी पिशवी आणि गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा. "घेतल्या का नाहीस रे?" तर म्हणाला, "आईने दिल्या कुठे?"

पण त्याच चार दिवसांतली आणखी एक गोष्ट वहिनींनी सांगितली. रोज संध्याकाळी तो थर्मासमधून आईसाठी चहा घेऊन चालत दवाखान्यात जायचा. स्वतः केलेला, आलं ठेचून घातलेला. दादाला चहा करता येतो हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. गॅसपाशी त्याला कुणी उभंच केलं नव्हतं ना.

आई आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते. त्यानंतर मी दोन ठिकाणं बघून आले. पहिलं पुण्याजवळ. बाग छान, फरशी लख्ख, महिना २८ हजार आणि लाखभर अनामत. पण आतल्या झाडून सगळ्यांचे केस शून्य नंबरने कापलेले आणि अंगावर एकाच रंगाचे पायजमे. विचारलं तर "उवा होतात हो" म्हणे. घरी फोन रविवारी, दहा मिनिटं. दुसऱ्या ठिकाणी एकरकमी १५ लाख भरायचे, "मग तुम्ही आयुष्यभर बिनघोर". नोंदणीचा कागद दाखवा म्हटलं तर "प्रोसेसमध्ये आहे".

काका म्हणतात, घर तुझ्या नावावर करून घे आणि त्याला ठेव कुठेतरी. नवरा काहीच बोलत नाही, त्यातूनही मला जे समजायचं ते समजतं. आईची फॅमिली पेन्शन तिच्याबरोबर थांबणार. घर आईच्या नावावर आहे.

चांगली, खात्रीची संस्था कुणाला माहीत आहे का? की त्याला ठाण्याला आणू? कुणी या सगळ्यातून गेलं असेल तर सांगा. "देवावर भरवसा ठेवा" आईकडून रोज ऐकते, तेवढं सोडून.

स्पष्टवक्ता६१

ताई, भावनेत अडकू नका. तुम्हाला तुमचा संसार आहे. घर विका, व्याजावर संस्थेची फी भागेल. असे पेशंट कुठेही रुळतात, त्यांना सहा महिन्यांत फरक पडेनासा होतो.

कृष्णाकाठची

काका, पेपरच्या पुरवण्यांचा क्रम बदलला तरी त्याला दिवसभर फरक पडतो. सल्ल्याबद्दल आभार.

निवृत्तसमाजसेविका

मी मनोरुग्णालयात सायकियाट्रिक सोशल वर्कर होते, ३१ वर्षं. तुम्ही जे पाहिलंत ना, ते सरळ सरळ बेकायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधलं कलम २० वाचा. सक्तीने केस कापायचे नाहीत आणि ज्याला स्वतःचे कपडे घालायचे आहेत त्याला ते घालू द्यायचे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. "प्रोसेसमध्ये" म्हणजे नाही असंच समजा. मानसिक आजार असलेल्या माणसांना ठेवून घेणाऱ्या कुठल्याही जागेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. तात्पुरती नोंदणी असली तरी तिचाही कागद मिळतो.

संस्था बघायला न सांगता जा, दुपारी चारला. बाग बघू नका, संडास बघा, दाराला आतून कडी आहे का बघा. आणि एकच विचारा: गेल्या वर्षात इथून बरं होऊन घरी कोण गेलं? उत्तर द्यायला त्यांना आठवावं लागलं तर तुमचं तुम्ही समजा.

बिडीबद्दल कुणी तुम्हाला सांगणार नाही म्हणून मी सांगते. दादा ओलान्झापिन किंवा क्लोझापिनवर आहे का? तंबाखूच्या धुराने ही औषधं शरीरातून लवकर निघून जातात. म्हणजे बिडी ओढणाऱ्याला जो डोस पुरतो, तोच डोस बिडी एकदम बंद झाल्यावर जास्त होतो. बिडीबंदी असलेल्या ठिकाणी माणूस दाखल झाला की आठ-दहा दिवसांत दिवसभर झोपतो, तोंडातून लाळ गळते, आणि नातेवाइकांना सांगतात "बघा, किती शांत झाला". बिडी सुटली तर उत्तमच, पण डॉक्टरांना सांगून, रक्त तपासून, डोस बघून.

आता मूळ प्रश्न. त्याच कायद्याचं कलम १९ म्हणतं की घरचे घेत नाहीत किंवा राहायला जागा नाही एवढ्याच कारणासाठी कुणाला संस्थेत ठेवायचं नाही. कलम १८ मध्ये सरकारने हाफ-वे होम (दवाखाना आणि घर यांच्या मधला मुक्काम), आधार असलेली निवासस्थानं द्यायची असंही आहे. सुप्रीम कोर्टानेही २०१७ मध्ये राज्यांना यावरून टोकलं होतं. प्रत्यक्षात किती झालं, ते तुम्ही फिरून पाहिलंतच. चेन्नईच्या द बॅनियन या संस्थेने २०१५ पासून 'होम अगेन' चालवलंय, आपल्याकडे रत्नागिरीतही. वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात अडकलेल्या चार-पाच जणी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहतात, मदतीला एक बाई. बाजार, स्वयंपाक, भांडणं सगळं आपापलं. तुमचा दादा काही तिथे जाणार नाही, तो घरीच आहे. पण त्यातली युक्ती घ्या. आई जे एकटी करते त्याचे तुकडे करा. गोळ्या एकाकडे, जेवण दुसऱ्याकडे, पैसे तिसऱ्याकडे, दवाखाना चौथ्याकडे. आणि "आज हा वेगळा दिसतोय" हे ओळखणारं एक माणूस रोज दारावरून गेलं पाहिजे. या पाचांतला एक गळाला तरी डोलारा उभा राहतो. आई एकटी पाचही खांब झाली होती, म्हणून चार दिवसांत चुरमुरे.

रोजच्या गोळीऐवजी महिन्याला किंवा पंधरवड्याला एक इंजेक्शन, ज्याला डेपो म्हणतात, ते त्याला चालेल का हे डॉक्टरांना विचारा. सगळ्यांना जमतं असं नाही.

पैशांचं काम मात्र आई हयात असतानाच करा, इथे मी ओरडून सांगते आहे असं समजा. वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक, म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ लागू. त्यातल्या नियम ११६ प्रमाणे, मानसिक आजारामुळे ज्याला पोट भरता येत नाही अशा मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. वयाची अट आड येत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागेल. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर तेही काढा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहे, ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचा दाखला हवा. आईच्या सहीने दादाचं नाव आत्ताच पेन्शनच्या कागदांत चढवा. ती गेल्यावर धावपळ करणारे मी फार पाहिलेत, दोन-दोन वर्षं जातात.

नॅशनल ट्रस्टचं पालकत्व घ्या असं कुणी सांगेल. तो १९९९ चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, स्किझोफ्रेनिया त्यात नाही, वेळ घालवू नका. त्याऐवजी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ खाली दादाने साध्या कागदावर सही करून तुम्हाला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याला साथ देणारं माणूस, नेमावं.

आणि तुमच्या काकांचं ऐकून घर स्वतःच्या नावावर करू नका. तुमच्यावर अविश्वास नाही हो, पण उद्या तुमचं काही झालं तर दादा तुमच्या जावयाच्या घरात भाडेकरू. चांगल्या वकिलाकडून आईचं मृत्युपत्र करून घ्या. त्यात दादाचा हयातभर राहण्याचा हक्क आणि त्याच्या नावाने खासगी विश्वस्त निधी.

तुम्ही ठाण्यात आहात तर आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत एकदा जाऊन बोला. पुण्यात धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा आधारगट आहे, तिथे तुमच्यासारखी भावंडं भेटतील. रात्री-अपरात्री काही झालं तर १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. मराठीतही बोलतात.

तिसरामजला

एरवी नुसता वाचतो, आज लिहितो. मी ४६. निदान तेच, दादाचं आहे ते. डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये एकटा राहतो, आई जाऊन नऊ वर्षं झाली. दुपारी एका झेरॉक्सच्या दुकानात चार तास असतो.

वरच्या बाईंनी सांगितलेले तुकडे माझ्याकडे कसे आहेत बघा. किल्ल्या तिघांकडे: नाशिकची बहीण, समोरचे काका, खालचा वॉचमन. दुधाची पिशवी दहा वाजेपर्यंत कडीला लटकलेली दिसली तर काका दार वाजवतात. मी उठलो नसेन तर शिव्या देतो, ते ऐकून घेतात. लाइट बिल आणि मेंटेनन्स बहिणीच्या खात्यातून परस्पर जातं. दर सोमवारी ७०० रुपये हातात, त्यात वडापाव, सिगारेट, रिचार्ज. पैसे संपले तर संपले, मागायचे नाहीत असं ठरलंय. मी मागतो, ती देत नाही.

फ्रिजवर एक कागद चिकटवलाय, बरा असताना स्वतःच्या हाताने लिहिलेला. 'तीन दिवस अंघोळ नाही. टीव्ही म्यूट करून बघतोय. बहिणीला "तुम्ही" म्हणायला लागलोय.' यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर डॉक्टरला फोन, मी नको म्हटलं तरी. "तुम्ही"चं मला स्वतःला कधीच कळत नाही, तिला पहिल्या वाक्यात कळतं.

गॅस मी काढूनच टाकला. इंडक्शन घ्या, वेळ लावली की आपोआप बंद होतं. दादाच्या रात्रीच्या पाच फेऱ्यांतल्या निदान तीन वाचतील.

सगळं गोड नाही. २०१७ ला एका रात्री मी गॅलरीतून ओरडलो होतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये याला काढा असा विषय निघाला. जागा बाबांनी रीतसर माझ्या नावावर ठेवली होती म्हणून टिकलो, भाड्याची असती तर अकरा महिने संपायचीही वाट कुणी बघितली नसती. आणि रविवार वाईट जातो. दुकान बंद असतं.

एक विचारू का? तुमची पोस्ट दोनदा वाचली. काका काय म्हणतात, नवरा काय म्हणत नाही, आई काय म्हणते, सगळं आहे. दादा काय म्हणतो ते नाहीये. तुम्ही विचारलंय त्याला?

पंचवटीचीआई

सगळ्याच संस्था तुरुंग असतात असं वाचणाऱ्यांना वाटू नये म्हणून लिहिते. माझी मुलगी ३८ वर्षांची, चार वर्षं झाली एका निवासी केंद्रात आहे. घरी आमचं दोघींचं रोज वाजायचं, गोळी म्हणजे युद्ध. तिथे ती इतरांचं बघून घेते. स्वतःचे कपडे, स्वतःचा मोबाईल, दिवाळीला आठ दिवस घरी. आली की पाचव्या दिवशी "कधी सोडतेस मला परत" सुरू. वाईट वाटतं आणि बरंही वाटतं.

मुलगी असेल तर रात्रपाळीला बाईच असते ना, हे रात्री दहानंतर फोन करून तपासा. मी तीन ठिकाणी केला, दोन ठिकाणी पुरुषाने उचलला. फी दरवर्षी वाढते, ती धरून हिशेब करा. आणि सतराव्या ठिकाणी आम्हाला हे मिळालं, दोन ठिकाणांवर निराश होऊ नका.

कृष्णाकाठची

उशीर झाला उत्तराला. सगळ्यांचे मनापासून आभार, स्पष्टवक्ता काकांचेही.

तिसरामजला, तुमचा प्रश्न वाचून मी मोबाईल उलटा ठेवून दिला. नव्हतं विचारलं. बत्तीस वर्षांत नाही. दिवाळीला गेले तेव्हा तो घड्याळाला किल्ली देत होता, तेव्हा विचारलं. आई नसली तर तुला कुठे राहायला आवडेल? मला वाटलं बिथरेल. किल्ली पूर्ण फिरवून झाली, काचेचं दार लावलं, मग म्हणाला, "ठाण्याला नको. तिथे लोकल रात्रभर बोलते." थोड्या वेळाने, "संस्थेत घड्याळ नेऊ देतात का?" आणि मग, "इथेच राहिलो तर दूध किती घ्यायचं? अर्धा लिटर एकट्याला जास्त होतं." म्हणजे तो माझ्या आधीपासून यावर विचार करतोय. चहाच्या दुधापर्यंत पोचलाय.

तर सध्या हे ठरलंय. आई आहे तोवरच सगळी रंगीत तालीम. दुपारचा डबा वहिनींकडून, पैसे देऊन. त्या नको म्हणत होत्या, पण पैसे न घेता केलेलं काम किती दिवस चालतं हे मला माहीत आहे. इंडक्शन आणलं. पहिल्या दिवशी त्याने भात केला, खाली लागला, तसाच खाल्ला आणि आईलाही वाढला. आईने पहिल्यांदा काही न बोलता खाल्लं. डॉक्टरांना डेपोचं विचारलं. पुढच्या वेळी बघू म्हणाले, बिडीचंही लिहून घेतलं. सोमवारी सांगलीला शल्यचिकित्सकांकडे प्रमाणपत्रासाठी जायचंय. प्रतिनिधीच्या कागदावर दादाने सही करण्याआधी माझं शुद्धलेखन दुरुस्त केलं. वकील बघतेय. माझे सख्खे काका बोलत नाहीत माझ्याशी. नवऱ्याने न सांगता गोळ्यांचा सात खणांचा डबा आणून दिला, तेवढं पुरे आहे सध्या.

डब्याची पद्धत अशी: भिंतीवरच्या घड्याळाचे नऊ ठोके पडले की खण उघडायचा, गोळी घ्यायची, रिकाम्या खणाचा फोटो मला पाठवायचा. आईने खुर्चीत बसून राहायचं, हात लावायचा नाही. तिला हे त्याच्यापेक्षा जड जातंय. अकरा दिवस झाले, नऊ फोटो वेळेवर, एक दिवस मी स्वतः फोन करून आठवण केली. परवा फोटो नऊ पंचवीसला आला, तोवर मी वहिनींना दोनदा पळवलं होतं. दादाचं म्हणणं, ठोके पडले तेव्हाच घेतली, घड्याळ मागे पडतंय त्याला मी काय करू.

मिरज-सांगलीत जुनी किल्लीची घड्याळं दुरुस्त करणारं कुणी उरलंय का? घरी येऊन करणारं हवं. दादा ते घराबाहेर नेऊ देणार नाही.